पक्षविरहित राजकारणाचा शोध : रॉय-जयप्रकाश विचारपरंपरा आणि महाराष्ट्रातील अपक्ष पर्याय (१९४८ ते २०२४)

सारांश

स्वातंत्र्योत्तर भारतात राजकीय पक्षांविषयीचा भ्रमनिरास ही अलीकडच्या काळात उद्भवलेली बाब नाही. पक्ष ही संस्थाच लोकशाहीला मारक ठरते, असा विचार मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४८ मध्ये मांडला आणि जयप्रकाश नारायण यांनी त्यास पुढे व्यापक लोकाधार मिळवून दिला. प्रस्तुत शोधनिबंधात या विचारपरंपरेचा मागोवा घेऊन महाराष्ट्रातील अपक्ष राजकारणाशी तिचा संबंध तपासण्यात आला आहे. १९९५ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत ४५ अपक्ष निवडून आले; परंतु त्यातून पक्षविरहित पर्याय निर्माण झाला नाही. मतदाराची निराशा आणि संघटित पर्याय यांच्यामध्ये जी दरी राहिली, तिची कारणे वैचारिक, कायदेशीर व आर्थिक अशा तिन्ही पातळ्यांवर शोधावी लागतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पक्षविरहित लोकशाही, अपक्ष, लोकसमिती, पक्षांतरबंदी, नोटा, ग्रामसभा.

१. प्रास्ताविक

भारतीय राज्यघटनेच्या १९५० मधील मूळ संहितेत ‘राजकीय पक्ष’ हा शब्दप्रयोग आढळत नाही. मतदार, मतदारसंघ आणि लोकप्रतिनिधी या तीन घटकांवर संसदीय रचना उभी करण्यात आली. पक्षांना घटनेत प्रथम स्थान मिळाले ते १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे पक्षांतरबंदीच्या निमित्ताने. दरम्यानच्या पस्तीस वर्षांत प्रत्यक्ष राजकारण मात्र पक्षांच्याच हाती होते. घटनेतील प्रतिनिधी आणि व्यवहारातील पक्ष यांच्यातील हे अंतर अनेक विचारवंतांना अस्वस्थ करीत राहिले.

महाराष्ट्रात ही अस्वस्थता अलीकडे पुन्हा तीव्र झाली आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडली. एका चिन्हावर मत दिलेल्या मतदारास आपला प्रतिनिधी दुसऱ्याच आघाडीत बसलेला दिसला. मूळ पक्ष कोणता, याचा निर्णय निवडणूक आयोगास द्यावा लागला. अशा वेळी ‘सगळे पक्ष सारखेच, एखादा चांगला अपक्ष निवडून द्यावा’ ही भावना चावडीपासून महाविद्यालयाच्या आवारापर्यंत ऐकू येते. ही भावना नवी नाही आणि तिचा इतिहासही एकरेषीय नाही. म्हणूनच तिची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

पक्षविरहित लोकशाहीच्या विचाराची जडणघडण समजून घेणे, महाराष्ट्रातील अपक्ष राजकारणाचे स्वरूप तपासणे आणि या दोहोंमध्ये सांधा का जुळला नाही याची कारणमीमांसा करणे ही प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून निवडणुकांचे निकाल, घटनादुरुस्त्या आणि न्यायालयीन निर्णय यांचा आधार घेतला आहे. ‘अपक्ष’ आणि ‘पक्षविरहित’ या दोन संज्ञा येथे जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या आहेत. अपक्ष ही उमेदवाराची कायदेशीर अवस्था आहे, तर पक्षविरहित ही राजकारणाची एक कल्पना आहे. या दोन संज्ञांची गल्लत झाल्यामुळेच पुष्कळसा गोंधळ निर्माण झालेला दिसतो.

३. मानवेंद्रनाथ रॉय : स्वतःच्या पक्षाचे विसर्जन

साम्यवादी चळवळीत आंतरराष्ट्रीय पातळीवर वावरलेले मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४० मध्ये रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाची स्थापना केली. १९४४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा एक मसुदा प्रसिद्ध केला. गावोगावच्या लोकसमित्या हा त्या मसुद्याचा पाया होता. प्रतिनिधीने पक्षाला नव्हे, तर या समित्यांना उत्तरदायी असावे, अशी ही योजना होती. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई येथे नवमानवतावादाची बावीस सूत्रे स्वीकारण्यात आली आणि डिसेंबर १९४८ मध्ये कलकत्ता येथील अधिवेशनात पक्षच विसर्जित करण्यात आला.

सत्तेची स्पर्धा हे पक्षाच्या अस्तित्वाचे प्रयोजन असते. त्यामुळे पक्ष लोकांना शिक्षित करण्याऐवजी त्यांच्या भावनांचा उपयोग करून घेतो, हा रॉय यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. सत्ता लोकांच्या नावाने घेतली जाते, परंतु ती लोकांपर्यंत पोहोचत नाही. व्यक्तीची विवेकशक्ती जागी झाल्याखेरीज लोकशाही केवळ मतमोजणीपुरती उरते, असे त्यांना वाटत होते.

महाराष्ट्रात या विचाराला प्रतिभावान अनुयायी लाभले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्यांतील अग्रणी होत. सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे हे दुसरे. पक्षविसर्जनानंतर या मंडळींचे मार्ग वेगळे झाले. तर्कतीर्थ १९६० नंतर महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ व मराठी विश्वकोश यांच्या उभारणीत गुंतले. तारकुंडे १९५७ ते १९६९ या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. विचार टिकला, व्यक्ती मोठ्या झाल्या. परंतु ज्या लोकसमित्यांवर सारी मदार होती त्या गावपातळीवर उभ्या राहिल्या नाहीत. शेतकऱ्याला किंवा गिरणी कामगाराला जाऊन भेटता येईल अशी जागा या चळवळीकडे उरली नाही. पक्ष मोडला, पण पक्ष करीत असलेले काम करणारी दुसरी यंत्रणा निर्माण झाली नाही, ही या प्रयोगाची मर्यादा होय.

४. जयप्रकाश नारायण : लोकउमेदवार ते जनता पक्ष

समाजवादी पक्षाचे नेते जयप्रकाश नारायण यांनी १९५४ मध्ये बोधगया येथे विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीसाठी जीवनदानाची घोषणा केली आणि १९५७ मध्ये पक्षीय राजकारणाशी असलेला संबंध पूर्णपणे तोडला. १९५९ मध्ये त्यांनी भारतीय राज्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेचा आराखडा मांडला. ग्रामसभा हा पाया, त्यावर पंचायत समिती व जिल्हा परिषद आणि त्यावर राज्य व केंद्र अशी ती रचना होती. मतदारांच्या परिषदांनी शक्यतो सर्वसंमतीने उमेदवार निवडावा, पक्षाने तो वरून लादू नये, अशी त्यांची भूमिका होती. विनोबांच्या सर्वसंमतीच्या आग्रहाची छाया या आराखड्यावर स्पष्टपणे दिसते.

याच विचाराची एक प्रतिबाजू महाराष्ट्रातच मांडली गेली होती. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुणे जिल्हा विधी ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी आवश्यक अटी विशद केल्या. समाजात तीव्र विषमता नसणे ही त्यांतील पहिली अट होती. विरोधी पक्षाचे अस्तित्व ही दुसरी. ज्या समाजात गावाचे एकमत हे बहुधा बलिष्ठ जातीचे मत असते, तेथे सर्वसंमतीपेक्षा संघटित विरोधाची गरज अधिक, हा निष्कर्ष या दोन अटी एकत्र वाचल्या असता निघतो. रॉय किंवा जयप्रकाश यांच्या मांडणीत या प्रश्नाला समाधानकारक उत्तर सापडत नाही.

१९७४ मध्ये बिहारमधील विद्यार्थी आंदोलनाचे नेतृत्व स्वीकारल्यावर जयप्रकाशांना आपली कल्पना प्रत्यक्षात आणण्याची संधी मिळाली. सेठ गोविंददास यांच्या निधनामुळे रिक्त झालेल्या जबलपूर लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत तरुण विद्यार्थी नेते शरद यादव यांना ‘जनता उमेदवार’ म्हणून उभे करण्यात आले. विरोधी पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला आणि ते विजयी झाले. कोणत्याही एका पक्षाचा नसलेला, आंदोलनाने पुढे आणलेला उमेदवार प्रस्थापित पक्षाचा पराभव करू शकतो, हे या निकालाने दाखवून दिले.

तथापि हा मार्ग पुढे गेला नाही. आणीबाणीच्या काळातच १८ जानेवारी १९७७ रोजी लोकसभा निवडणुकीची घोषणा झाली. अवघ्या पाच दिवसांत, २३ जानेवारीला, चार प्रमुख पक्षांना एकत्र आणून जनता पक्षाची घोषणा करण्यात आली. पक्षविरहित लोकशाहीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता एका नव्या पक्षाचा जनक ठरला. त्यावेळी दुसरा पर्याय नव्हता, हे मान्य करावे लागते. हुकूमशाहीचा पराभव करण्यासाठी पाचशेहून अधिक मतदारसंघांत एकास एक उमेदवार द्यावयाचा होता आणि ते काम मतदार परिषदांच्या आवाक्याबाहेरचे होते. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकार कोसळले. ज्या पक्षीय स्पर्धेविरुद्ध जयप्रकाशांनी वीस वर्षे लिहिले, तीच त्या सरकारच्या पतनाचे कारण ठरली.

५. अपक्ष प्रतिनिधीचे सामर्थ्य : पुरुषोत्तम मावळंकर

अपक्ष प्रतिनिधी सभागृहात काय करू शकतो, याचे एक लक्षणीय उदाहरण महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबातून पुढे आले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचे पुत्र प्रा. पुरुषोत्तम मावळंकर हे राज्यशास्त्राचे अध्यापक होते. इंदुलाल याज्ञिक यांच्या निधनानंतर १९७२ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत ते अहमदाबादमधून अपक्ष म्हणून निवडून आले. आणीबाणीत अनेक विरोधी खासदार तुरुंगात असताना त्यांनी लोकसभेत तिला उघड विरोध केला. त्यांची त्या काळातील भाषणे पुढे ‘नो, सर’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

पक्षादेशाचे बंधन नसलेला प्रतिनिधी केवळ आपल्या विवेकाला आणि मतदारांना उत्तरदायी राहू शकतो, ही रॉय यांची अपेक्षा मावळंकरांच्या कामगिरीत मूर्त झालेली दिसते. परंतु एकटा अपक्ष नकार नोंदवू शकतो. त्याला कायदा संमत करून घेता येत नाही, अर्थसंकल्प बदलता येत नाही आणि सरकारही स्थापन करता येत नाही. अपक्षाचे नैतिक सामर्थ्य आणि त्याची राजकीय मर्यादा या दोन्ही गोष्टी या उदाहरणातून एकाच वेळी स्पष्ट होतात.

६. शेतकरी संघटना : आंदोलनाकडून पक्षाकडे

महाराष्ट्रात पक्षांपासून अलिप्त राहून सर्वाधिक प्रभाव निर्माण करणारी ग्रामीण चळवळ म्हणून शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचा उल्लेख करावा लागतो. चाकण परिसरातील कांदा आंदोलनापासून सुरू झालेली ही चळवळ १९८० च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातील ऊस-कांदा आंदोलनामुळे राज्यभर पोहोचली. शेतमालाला उत्पादनखर्चावर आधारित रास्त भाव हा तिचा एककलमी कार्यक्रम होता. १९८६ मध्ये चांदवड येथे भरलेल्या महिला अधिवेशनाने तिचा सामाजिक पाया विस्तारला. सर्व पक्षांतील शेतकऱ्यांना एका बिल्ल्याखाली आणणे, ही तिची खरी ताकद होती.

निवडणुकीचा प्रश्न मात्र संघटनेला टाळता आला नाही. १९९० मध्ये तिने जनता दलाशी सहकार्य केले आणि १९९४ मध्ये जोशी यांनी स्वतंत्र भारत पक्षाची स्थापना केली. आंदोलनात एका हाकेवर रस्त्यावर येणारा शेतकरी मतदानाच्या दिवशी आपल्या जुन्या पक्षाकडे, भावकीकडे आणि साखर कारखान्याच्या अध्यक्षाकडे परतला. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. आंदोलनातून त्याला भाव हवा होता. कर्ज, पाणी, ऊसतोडीचा क्रम आणि मुलाची नोकरी या गोष्टी मात्र स्थानिक सत्ताधाऱ्याच्या हाती होत्या.

७. १९९५ : पंचेचाळीस अपक्ष आणि एक निसटलेला क्षण

१९९५ मध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीची पार्श्वभूमी असंतोषाची होती. १९९२-९३ मधील मुंबईच्या दंगली, मार्च १९९३ मधील बॉम्बस्फोट, एन्रॉन प्रकल्पावरील वाद, भ्रष्टाचार व गुन्हेगारीकरणाचे आरोप आणि २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन गेलेले ११४ बळी, या घटनांनी सत्ताधारी काँग्रेसविषयी तीव्र नाराजी निर्माण झाली होती. मतदानाचे प्रमाण ७१ टक्क्यांच्या पुढे गेले.

निकालात काँग्रेसला ८०, शिवसेनेला ७३ आणि भारतीय जनता पक्षाला ६५ जागा मिळाल्या. अपक्षांनी ४५ जागा जिंकल्या. अपक्षांना मिळालेली एकत्रित मते २३ टक्क्यांहून अधिक होती. म्हणजे शिवसेनेला मिळालेल्या मतांपेक्षाही जास्त. युतीकडे २८८ पैकी १३८ जागा होत्या आणि बहुमतासाठी १४५ आवश्यक होत्या. १४ मार्च १९९५ रोजी मनोहर जोशी यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेले सरकार अपक्षांच्या पाठिंब्यावर उभे राहिले.

वरवर पाहता हा पक्षीय राजकारणाविरुद्धचा कौल वाटतो. प्रत्यक्षात यातील बहुसंख्य अपक्ष हे काँग्रेसची उमेदवारी न मिळालेले बंडखोर होते. सहकारी साखर कारखाने, जिल्हा मध्यवर्ती बँका, शिक्षणसंस्था आणि जिल्हा परिषदा यांच्या जाळ्यातून त्यांचे नेतृत्व घडले होते. काँग्रेसअंतर्गत गटबाजीला पक्षाच्या चौकटीत सामावून घेणे अशक्य झाले, तेव्हा ती चौकटीबाहेर सांडली. मतदाराने पक्षाला नाकारले, पण त्याच पक्षाने घडविलेल्या नेत्याला स्वीकारले.

पुढील वाटचालीवरून हे अधिक स्पष्ट होते. इंदापूरमधून अपक्ष निवडून आलेले हर्षवर्धन पाटील आणि काटोलमधून निवडून आलेले अनिल देशमुख हे दोघेही युती सरकारमध्ये राज्यमंत्री झाले. पुढे पाटील काँग्रेसमध्ये गेले, तर देशमुख राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये. ४५ अपक्षांचा समान कार्यक्रम कधीही पुढे आला नाही. या आमदारांनी एकत्रितपणे पाणीवाटप, शेतमालाचा भाव किंवा पंचायतींचे अधिकार यांपैकी एखाद्या प्रश्नावर सरकारला अटी घातल्या असत्या, तर महाराष्ट्राच्या राजकारणाला वेगळे वळण मिळू शकले असते. तशी संधी एवढ्या मोठ्या संख्याबळासह नंतर कधीही आली नाही.

तक्ता क्र. १ : महाराष्ट्र विधानसभेत निवडून आलेले अपक्ष (एकूण जागा २८८)
१९९० : १३
१९९५ : ४५
१९९९ : १२
२००४ : १९
२००९ : २४
२०१४ : ७
२०१९ : १३
२०२४ : २

या तक्त्यावरून अपक्षांची संख्या पक्षांविषयीच्या नाराजीच्या प्रमाणात वाढत नाही, हे दिसून येते. २०२२ व २०२३ मधील फुटींनंतर पक्षांविषयीचा अविश्वास सर्वत्र बोलून दाखविला जात असतानाच २०२४ मध्ये केवळ दोन अपक्ष निवडून आले. पक्षांची संख्या वाढली की बंडखोराला अपक्ष राहण्याची गरज उरत नाही. त्याला दुसऱ्या पक्षाचे दार उघडे असते. जेव्हा आघाड्यांच्या जागावाटपात एखाद्या बलवान गटाची जागा मित्रपक्षाकडे जाते, तेव्हाच तो अपक्ष उभा राहतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सांगलीतून विशाल पाटील यांचा अपक्ष म्हणून झालेला विजय याच प्रकारात मोडतो. निवडून आल्यानंतर त्यांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला.

८. कायद्याची चौकट आणि अपक्ष

अपक्षांच्या या स्वरूपाला कायद्यानेही आकार दिला आहे. पहिली बाब दहाव्या अनुसूचीची. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य निवडणुकीनंतर कोणत्याही पक्षात सामील झाला, तर तो अपात्र ठरतो. मतदाराच्या कौलाचा आदर राखणे हा यामागील हेतू होता. १९९५ मध्ये मात्र याचा वेगळाच परिणाम दिसला. अपक्षाला पक्षात जाता येत नव्हते, परंतु बाहेरून पाठिंबा देता येत होता आणि मंत्रीही होता येत होते. त्यामुळे त्याचा पाठिंबा पाच वर्षे सतत वाटाघाटीचा विषय राहिला. पक्षादेशातून मिळालेली मुक्तता विवेकाच्या उपयोगासाठी न राहता सौद्याचे साधन बनली.

दुसरी बाब ९१ व्या घटनादुरुस्तीची. २००३ मधील या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला. मंत्रिपदे कमी झाल्याने अपक्षांना देण्याजोगे त्यातील वाटेही घटले. तिसरी बाब अनामत रकमेची. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे १३,९५० उमेदवार उभे होते आणि त्यांत दहा हजारांहून अधिक अपक्ष होते. निवडून आले फक्त ९. त्यानंतर लोकसभेसाठीची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली आणि मान्यताप्राप्त पक्षाचा पाठिंबा नसलेल्या उमेदवारास दहा सूचकांची अट घालण्यात आली. १९९८ मध्ये उमेदवारांची एकूण संख्या ४,७५० वर आली.

हौशी उमेदवारांना आळा घालणे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु या उपायाने श्रीमंत बंडखोर अडला नाही. अडला तो अल्प साधने असलेला प्रामाणिक कार्यकर्ता. राखीव चिन्ह नाही, मतदान केंद्रांवर बसविण्यास प्रतिनिधी नाहीत, प्रचाराचा खर्च स्वतःच्या खिशातून, अशा स्थितीत पक्षाबाहेरून निवडून येण्याची क्षमता प्रामुख्याने ज्यांच्याकडे आधीच संस्था व पैसा आहे त्यांच्यापुरती मर्यादित झाली.

९. गावपातळी : पक्षाविना राजकारण, गटाविना नव्हे

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत. म्हणजे जयप्रकाशांना अभिप्रेत असलेली पक्षविरहित निवडणूक कायद्याने गावात अस्तित्वात आहेच. प्रत्यक्षात तेथे ‘पॅनेल’ उभी राहतात. ग्रामदैवताच्या किंवा ग्रामविकासाच्या नावाने उभ्या राहिलेल्या पॅनेलमागे भावकी, जात आणि तालुक्याच्या नेत्याचा गट असतो. निकालानंतर आपल्याकडे किती ग्रामपंचायती आल्या, याचे दावे पक्ष करतात. बिनविरोध निवडणुकीचे कौतुक होते. परंतु अशा एकमतात दलित वस्तीला किंवा स्त्रियांना किती स्थान होते, हा डॉ. आंबेडकरांच्या पुण्यातील व्याख्यानातून उपस्थित होणारा प्रश्न तेथे कायम राहतो. चिन्ह काढून घेतल्याने स्पर्धा संपत नाही. ती केवळ निनावी होते, असे म्हणता येईल.

याला अपवाद ठरलेले एक गाव म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा). गोंड आदिवासींच्या या लहानशा गावाने देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली आणि सर्वोदयी विचाराचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहकार्याने सर्वसंमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा विकसित केली. निर्णयापूर्वी प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी वेगळे अभ्यासगट असत. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

मेंढ्याचे यश समजून घेताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. एक, तेथे सामाजिक विषमता तुलनेने कमी होती. दोन, ग्रामसभेकडे निर्णय घेण्याजोगी खरी संपत्ती होती, ती म्हणजे जंगल. रॉय यांच्या लोकसमित्या आणि जयप्रकाशांच्या ग्रामसभा कागदावर राहिल्या, कारण त्यांच्या हाती निर्णय घेण्यासारखे काहीच दिले गेले नाही. मेंढ्यात निवडणूक जिंकण्याआधी अधिकार मिळविला गेला आणि अधिकाराआधी अभ्यास झाला.

१०. ‘जनता उमेदवार’ ते ‘वरीलपैकी कोणीही नाही’

रॉय यांच्या पक्षविसर्जनापासून निघालेला एक धागा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. न्यायाधीशपदावरून निवृत्त झालेले तारकुंडे १९७४ मध्ये जयप्रकाशांसोबत ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’मध्ये सहभागी झाले. निवडणूक सुधारणांविषयीच्या त्यांच्या समितीने मतदानाचे वय १८ करण्याची शिफारस केली होती. ती ६१ व्या घटनादुरुस्तीने प्रत्यक्षात आली. १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळातच स्थापन झालेल्या ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेच्या उभारणीतही जयप्रकाश व तारकुंडे यांचा वाटा होता. याच संघटनेने २००४ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर २७ सप्टेंबर २०१३ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने मतदान यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय देण्याचा आदेश दिला.

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात ‘नोटा’ला सुमारे २७ हजार मते मिळून तो पर्याय दुसऱ्या क्रमांकावर राहिला. सांगली जिल्ह्यातील पलूस-कडेगावातही ‘नोटा’ दुसऱ्या स्थानी होता. विधानसभा व लोकसभेच्या निवडणुकीत या मतांचा निकालावर परिणाम होत नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता वेगळा आदेश काढून ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणुकीची तरतूद केली.

हा प्रवास अर्थपूर्ण आहे. १९७४ मध्ये पक्षांवर नाराज असलेल्या मतदारासमोर ‘जनता उमेदवार’ होता. २०१३ नंतर त्याच्यासमोर एक कळ आहे. नकार नोंदविण्याचा हक्क मौल्यवान आहे, परंतु नकार हा पर्याय नव्हे. मधल्या काळात भ्रष्टाचारविरोधी आंदोलनानेही जयप्रकाशांच्याच वाटेची पुनरावृत्ती केली. २०११ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली पक्षांपासून दूर राहून सुरू झालेल्या या आंदोलनातून नोव्हेंबर २०१२ मध्ये आम आदमी पक्ष निर्माण झाला. हजारे स्वतः त्यापासून अलिप्त राहिले.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पक्षविरहित लोकशाहीचा विचार आणि महाराष्ट्रातील अपक्ष राजकारण यांचे मूळ वेगवेगळे आहे. पहिल्याचा उगम पक्षसंस्थेच्या चिकित्सेत आहे, तर दुसऱ्याचा पक्षांतर्गत गटबाजीत. नाव सारखे वाटले तरी १९९५ चे अपक्ष हे रॉय किंवा जयप्रकाश यांचे वारस नव्हते.

२) पक्षाविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रत्येक मोठ्या आंदोलनाला निर्णायक क्षणी पक्षाचे रूप घ्यावे लागले. याचे कारण नेत्यांच्या महत्त्वाकांक्षेपेक्षा निवडणुकीच्या रचनेत अधिक आहे. असंख्य मतदारसंघांत एकाच वेळी लढण्यासाठी जी यंत्रणा लागते, तिला कोणत्याही नावाने संबोधले तरी ती पक्षच असते.

३) एकटा अपक्ष विवेकाचा आवाज ठरू शकतो, हे मावळंकरांच्या उदाहरणावरून सिद्ध होते. परंतु समान कार्यक्रमाविना अपक्षांचा समूह सत्तेचा भागीदार होतो, पर्याय होत नाही.

४) विषम समाजात पक्ष नसणे म्हणजे समता नव्हे. दुर्बल घटकांना आपला आवाज उमटविण्यासाठी संघटना लागते. पक्ष मोडण्याचे आवाहन करणाऱ्या विचाराने या संघटनेची जागा कोण घेणार, हे आधी सांगितले पाहिजे.

५) चांगल्या पर्यायाची आशा निराधार नाही, मात्र तिची सुरुवात उमेदवारापासून होत नाही, हे मेंढा (लेखा) येथील अनुभवावरून दिसते. ज्या गावात ग्रामसभा नियमित भरते, हिशेब मागते आणि तिच्याकडे निर्णय घेण्याजोगी साधने असतात, तेथे प्रतिनिधी कोणत्या पक्षाचा आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो.

पक्षांविषयीची निराशा ही लोकशाहीच्या जिवंतपणाचीच खूण आहे. ती दर पाच वर्षांनी एखाद्या बंडखोराच्या पदरात टाकली, तर तिचे रूपांतर मंत्रिपदात होते. ‘नोटा’च्या कळीत टाकली, तर आकडेवारीत. तीच निराशा वॉर्डसभेत व ग्रामसभेत प्रश्न विचारण्यासाठी वापरली, तर पक्षांनाही बदलावे लागते. रॉय यांनी १९४४ च्या मसुद्यात लोकसमित्यांना जो प्राथम्यक्रम दिला होता, त्याचे महत्त्व आठ दशकांनंतरही कमी झालेले नाही.